आजीला ओरडू नका, आधी १९३० लावा

गेल्या डिसेंबरात विहारातल्या रविवारच्या बीपी तपासणीला आमच्या गल्लीतली एक आजी आली. वय सत्तरीच्या पुढे. नवरा नगरपालिकेत सफाई कामगार होता, तो गेल्यापासून तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. तिचं बीपी मी कित्येक वर्षं मोजते आहे. गोळी चुकवणारी बाई ती नव्हे. त्या दिवशी मशीनवर १९० आणि ११० आलं. दहा मिनिटं बसवून पुन्हा मोजलं, तरी तेच. "आजी, गोळी घेता ना?" म्हटलं तर मान हलवली, पण डोळे खाली. निघताना माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, तीन आठवडे झाले गोळी न्हाई. पैसंच न्हाईत. माझ्या लेकाला सांगू नको."

मग कोपऱ्यात बसून सगळं बाहेर आलं. नोव्हेंबर महिना म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला देण्याचा महिना. हे तुम्हाला-मला माहीत आहे तसं चोरालाही माहीत आहे. दुपारी, घरातले सगळे कामावर गेलेले असताना फोन आला. "पेन्शन ऑफिसातून बोलतोय. तुमचा दाखला जमा नाही. आज संध्याकाळपर्यंत ऑनलाईन केला नाही तर पेन्शन बंद होणार." त्याने तिचं पूर्ण नाव घेतलं, नवऱ्याचं नाव घेतलं. आजीला संशय यायचं कारणच उरलं नाही. कार्डावरचे आकडे विचारले. डोळ्यांत मोतीबिंदू, आकडे दिसेनात. तिने सहावीतल्या नातीला हाक मारली. पोरीने शाळेत धडा वाचावा तसे कार्डावरचे सोळा आकडे वाचून दाखवले, मागचे तीन वाचले, मग मोबाईलवर आलेला ओटीपी वाचला. थोड्या वेळाने दुसरा आला, तोही वाचला. ४१ हजार रुपये गेले. घरावरचे पत्रे बदलायला आणि नवऱ्याच्या पुण्यानुमोदनाला ठेवलेले पैसे होते ते.

तीन आठवडे ही गोष्ट त्या दहा बाय बाराच्या खोलीत फक्त एका म्हातारीला आणि एका अकरा वर्षांच्या पोरीला माहीत होती. दोघींनी एकमेकींना शपथ घातली होती.

घरी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ती म्हणाली, मागच्या साली बसस्टँडवर माझा मोबाईल हरवला तर लेक आठ दिवस बोलत होता. लेक वाईट नाही. टेम्पो चालवतो, आईला दवाखान्यात स्वतः नेतो. पण "तुला काही कळतच नाही" हे वाक्य आपल्या घराघरांत म्हाताऱ्या माणसांना दिवसातून किती वेळा ऐकावं लागतं, ते जरा आठवून बघा.

मी वॉर्डात सोळा वर्षं काम केलं. छातीतली गाठ वर्षभर लपवलेल्या बाया पाहिल्या. टीबी आहे हे सुनेला कळू नये म्हणून खोकला दाबणारे सासरे पाहिले. रोगाने जेवढी माणसं गेली त्यात लाजेचा वाटा किती, हे कुठल्या केसपेपरवर लिहीत नाहीत. फोनवरची फसवणूक आता त्याच रांगेत येऊन बसली आहे. म्हणून आरोग्याच्या पानावर यावेळी शुगर किंवा सांधेदुखीवर न लिहिता यावर लिहिते आहे. पैसे गेलेलं म्हातारं माणूस औषध बंद करतं, झोप उडते, जेवण कमी होतं, विहारात यायचं टाळतं. बीपीची गोळी अशी अचानक सुटली की पक्षाघाताचा झटका येऊ शकतो, आणि मग ४१ हजारांच्या दुःखावर लाखाचं बिल चढतं.

साप चावलेला माणूस दारात आणला तर आपण आधी घड्याळ बघतो आणि गाडी शोधतो. "तिथं हात कशाला घातलास" हा प्रश्न नंतरचा. फोनच्या फसवणुकीतही असंच घड्याळ चालू असतं. चोराने उडवलेला पैसा लगेच त्याच्या हातात पडत नाही. तो एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून चौथ्या खात्यात पळवला जातो आणि मग कुठल्या तरी एटीएममधून काढला जातो. या पळापळीत जो वेळ जातो तेवढाच वेळ आपल्या हातात असतो. १९३० हा सरकारचा सायबर फसवणुकीसाठीचा नंबर आहे. तिथे तक्रार गेली की ती त्या-त्या बँकेपर्यंत जाते आणि वाटेत जिथे पैसा सापडेल तिथे अडवून ठेवता येतो. पहिल्या तासात फोन गेला तर आशा बरी असते. तीन आठवड्यांनी गेला तर कागद तयार होतो, बाकी फारसं काही होत नाही.

आजीने लेकाला त्याच दुपारी फोन केला असता तर? हा प्रश्न मी लेकालाच विचारला. तो खूप वेळ गप्प बसला.

आपल्या वस्तीत मला दोन सल्ले सारखे ऐकू येतात. पहिला, म्हाताऱ्यांच्या हातातून मोबाईल काढून घ्या, एटीएम कार्ड आपल्याकडे ठेवा. हे मला मान्य नाही. जिने जन्मभर दुसऱ्याच्या अंगणात झाडू मारला, तिचं म्हातारपणी स्वतःच्या नावाचं पासबुक झालं, त्यात दर महिन्याला स्वतःच्या नावाने पैसे येतात. ते काढून घेणं म्हणजे चोराने अर्धं नेलं, उरलेलं आपण नेलं. शिवाय खरं सांगायचं तर, म्हाताऱ्यांचा पैसा फोनवरच्या चोरापेक्षा घरातल्याच माणसाने गिळल्याची प्रकरणंही माझ्याकडे काही कमी येत नाहीत. तो विषय पुन्हा कधीतरी.

दुसरं म्हणणं असं, की अडाणी माणसंच फसतात. तेही खोटं आहे. २०२४ मध्ये लुधियानाच्या ऐंशी ओलांडलेल्या एका बड्या उद्योगपतीला चोरांनी सुप्रीम कोर्टाची खोटी सुनावणी व्हिडिओ कॉलवर दाखवली आणि ७ कोटी रुपये नेले. त्यांच्याकडे वकिलांची काय कमी असेल? फसवणूक अक्कल कमी म्हणून होत नाही. भीती किंवा घाई उभी केली की कुणाचीही अक्कल थोडा वेळ थांबते. कॅज्युअल्टीत शिकलेल्या माणसांनाही घाबरल्यावर स्वतःचा पत्ता आठवत नाही, हे मी कितीदा पाहिलं आहे.

आता आपल्या लोकांच्या भीतीविषयी वेगळं बोललं पाहिजे. चोर हल्ली पोलिसांचा गणवेश घालून व्हिडिओ कॉल करतात. मागे तिरंगा, भिंतीवर राजमुद्रा. तुमच्या आधारकार्डावर कुणीतरी सिम घेतलं, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, तपासासाठी पैसे या खात्यात टाका, चौकशी झाली की परत मिळतील. शहाणी पोरं हे ऐकून हसतात. पण आपल्या वस्तीतल्या साठी-सत्तरीच्या माणसांना हसू येत नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली, ते त्यांनी पाहिलं किंवा ऐकलं आहे. २०१८ च्या जानेवारीत महाराष्ट्र बंदनंतर वस्त्यावस्त्यांतून पोरं उचलली गेली तेव्हा याच आया चौकीबाहेर रात्रभर बसल्या होत्या. पोलीस हा शब्द ऐकून त्यांचे हात थरथरतात ते काही अज्ञानाने नाही. ती भीती अनुभवातून आली आहे, आणि चोर नेमकं तिच्यावर बोट ठेवतो.

म्हणून "घाबरू नका" एवढं सांगून भागत नाही. त्यांना कायदा सांगावा लागतो. १९४९ च्या सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी घटना समितीत १५ अ हे कलम मांडलं. तेच आज संविधानातलं कलम २२ आहे. अटक केलेल्या माणसाला अटकेचं कारण सांगायला हवं, त्याला वकिलाचा सल्ला घेऊ द्यायला हवा, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायला हवं. बाईला तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अगदी अपवाद सोडला तर, अटकच करता येत नाही. तो अपवादही महिला पोलीस अधिकाऱ्याने आणि दंडाधिकाऱ्याची परवानगी घेऊन करायचा असतो. व्हॉट्सअॅपवर अटक करण्याची सोय यात कुठेही नाही. २७ ऑक्टोबर २०२४ ला खुद्द पंतप्रधानांनी रेडिओवर सांगितलं की डिजिटल अटक असं काही कायद्यात नाही. आमच्या महिला मंडळात मी हे सांगितलं तेव्हा एक मावशी म्हणाली, "म्हंजी वकील मागितला की चोर फोन ठेवतंय का?" ठेवतो असं नाही, आणखी ओरडतो. पण तो ओरडायला लागला की तुम्ही फोन ठेवायचा.

फोन ठेवणं हीच आपल्या म्हाताऱ्यांना सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट आहे. समोर कुणी साहेबी आवाजात, हिंदीत किंवा इंग्रजीत बोलायला लागलं की "जी साहेब, हो साहेब" आपोआप तोंडातून निघतं. बोलणाऱ्याचं बोलणं संपायच्या आत फोन कापणं त्यांना उद्धटपणा वाटतो. पिढ्यानपिढ्यांची सवय आहे ती, एका भाषणाने जात नाही. आम्ही मंडळात चक्क सराव घेतला. मी खोटा साहेब झाले आणि एकेका आजीला फोन केला. पहिल्या फेरीत निम्म्या जणींनी मला आधार नंबर देऊन टाकला, त्यात एक निवृत्त अंगणवाडी सेविकाही होती! तिसऱ्या फेरीत एका आजीने मला "तुझ्या आयला सांग" म्हणून फोन आपटला. टाळ्या वाजल्या. वर्षावासात विहारात रोज ग्रंथवाचन होतं, त्यानंतर दहा मिनिटं असा सराव घ्यायला काही हरकत नाही. कालामांना भगवंतांनी काय सांगितलं ते भन्तेजी दरवर्षी समजावतात. ऐकीव गोष्टीवर, आणि सांगणारा मोठा दिसतो म्हणून, विश्वास ठेवू नका, तपासून घ्या. पेन्शन ऑफिसातल्या साहेबालाही ते लागू आहेच.

आणखी दोन गोष्टी माझ्या जुन्या धंद्यातल्या. एक म्हणजे कान. कमी ऐकू येणारं माणूस चारचौघांत लाज वाटू नये म्हणून समोरच्याच्या सगळ्या बोलण्याला "हो, हो" म्हणतं. फोनवर तर जास्तच. आणि मोतीबिंदू असला की मेसेज वाचायला दुसऱ्याचे डोळे लागतात, मग मेसेजमधली "ओटीपी कुणालाही सांगू नका" ही ओळ वाचायची राहूनच जाते. सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत होतं. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना श्रवणयंत्र आणि चष्मा मिळतो. आईचे कान-डोळे तपासून घेणं हेही फसवणुकीपासून केलेलं रक्षणच आहे. दुसरी गोष्ट विसराळूपणाची. आयुष्यभर पै-पैचा हिशोब ठेवणारं माणूस एकाएकी पैशात चुका करायला लागलं, एकदा फसून पुन्हा तसंच फसलं, दिलेले पैसे पुन्हा द्यायला लागलं, तर चिडण्याआधी डॉक्टरकडे न्या. स्मृतिभ्रंशाची सुरुवात कधी कधी अशी पैशाच्या व्यवहारातून दिसते.

घरात लक्ष ठेवायचं ते असं. फोन वाजला की दचकतात का, पासबुक लपवतात का, बँक किती वाजता उघडते हे सारखं विचारतात का, औषधाचं पाकीट महिना झाला तरी तेवढंच भरलेलं आहे का. असं दिसलं तर सगळ्यांसमोर विचारू नका. चहा करा, शेजारी बसा आणि विचारा, कुणाचा फोन आला होता का?

झालंच असेल तर पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस." दुसरं काम १९३०. रक्कम, वेळ, बँकेचं नाव, खात्याचा नंबर आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्याने बँकेला फोन करून कार्ड आणि खातं बंद करायला सांगावं, आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यावा. हा क्रमांक महत्त्वाचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, ओटीपी आपणच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे लाजेत घालवलेला प्रत्येक तास आपल्या खिशातून जातो. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार. "ही आमची हद्द नाही" असं सांगून परत पाठवतील. नव्या कायद्याच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. दोघं-तिघं जा, शिक्क्याची पोहोच घ्या. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवून लावलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ वर मिळते.

आधी करून ठेवायची कामं फार नाहीत. पेन्शनच्या खात्याला यूपीआय जोडू नका, एटीएममधून काढायची मर्यादा बँकेत सांगून कमी करून घ्या, बाजारहाटाचे पैसे दुसऱ्या छोट्या खात्यात ठेवा. यूपीआयचा पिन फक्त पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही, हे म्हाताऱ्यांकडून चार वेळा म्हणून घ्या. व्हॉट्सअॅपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली फाइल उघडली की मोबाईल चोराच्या ताब्यात जातो, म्हणून अनोळखी पत्रिका उघडायची नाही. सत्तर वर्षांवरच्यांना पाच लाखांच्या उपचाराचं आयुष्मान कार्ड मिळतं, त्यासाठी कुणी फोनवर पैसे मागितले तर तो चोर समजा. आणि घरात एक शब्द ठरवून ठेवा. "आजी, माझा अपघात झालाय, लगेच पैसे पाठव" असा रडका आवाज आला तर आजीने तो शब्द विचारायचा. आमच्या घरी ठरलेला शब्द आहे तो इथे छापत नाही.

एक कडू गोष्ट राहिली. चोराला पैसे पळवायला खाती लागतात, आणि ती खाती आपल्यासारख्याच वस्त्यांतल्या बेकार पोरांची असतात. "तुझं पासबुक, कार्ड आणि सिम दे, महिन्याला पाच हजार घे." पोराला वाटतं, मी कुठं चोरी केली? पोलीस सगळ्यात आधी त्याच्याच दारात येतात, कारण खात्यावर नाव त्याचं असतं. वकिलाच्या फीला मग त्याच्या आजीचीच पेन्शन जाते. आपल्या घरातल्या पोराकडे अचानक दुसरं सिम, दुसरं कार्ड दिसलं तर विचारा. आमच्या आजीचे ४१ हजार कुठल्या पोराच्या खात्यातून गेले असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. पंचशील घेताना दुसरं शील आपण रोज म्हणतो.

आजीची तक्रार आम्ही उशिरा का होईना नोंदवली. पैसे आलेले नाहीत, येतील असं मी तिला सांगितलेलंही नाही. गोळ्या आता सरकारी दवाखान्यातून मिळतात, बीपी १५० आणि ९० वर आलं आहे. लेकाने आईला काही बोललं नाही, तेवढा तो समजूतदार निघाला. काळजी मला जास्त वाटली ती नातीची. तीन आठवडे ती पोर रात्री अंथरूण ओलं करत होती आणि आईला वाटत होतं, थंडीमुळे. मी तिला जवळ घेतलं तर म्हणाली, "आकडे मी वाचले होते." मनावर असा भार असेल, झोप लागत नसेल, जगावंसं वाटत नाही अशी भाषा म्हातारं किंवा लहान कुणीही करत असेल, तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. वृद्धांच्या कुठल्याही अडचणीसाठी १४५६७ आहे. नातीला मी म्हटलं, तुझं वाचन चांगलं आहे, आता एक काम कर. तिने जाड पेनाने पुठ्ठ्यावर १९३० लिहिलं आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, आजीला चष्म्याशिवाय दिसेल एवढ्या उंचीवर लावलं. रविवारी बीपी मोजताना गोळी घेतली का, मीठ कमी केलं का, या प्रश्नांनंतर मी आता फोनचंही विचारते. मागच्या रविवारी दोघीजणी "हो, आला होता" म्हणाल्या. दोघींनीही ठेवून दिला होता.